पगारातले दोनशे आठ रुपये

२०२२ च्या श्रावणात डेन्व्हरहून भाचीचा फोन आला. शुक्रवार होता, मी पुरण घाटत होते. "मावशी, आमच्या राज्य सरकारनं आम्हाला पैसे परत पाठवलेत. पंधराशे डॉलर."

मला वाटलं, इन्कम टॅक्सचा रिफंड असेल. ती म्हणाली, तसा नाही. कोलोरॅडो राज्याला वर्षाला किती महसूल ठेवून घेता येईल याची हद्द तिथल्या घटनेतच आखलेली आहे. त्या वर्षी वसुली हद्दीच्या वर गेली, म्हणून वरचा पैसा लोकांना परत. माणशी ७५०, नवरा-बायकोचं रिटर्न एकत्र असेल तर १५००. मी मनातल्या मनात ऐंशीनं गुणलं आणि पुरण खाली लागलं.

मी एकतीस वर्षं इंदूरच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पोरांना राजस्व शिकवलं, तेही हिंदीतून. करारोपणाचे सिद्धांत, प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर, घाट्याचा बजेट. पण सरकारने जास्तीचा घेतलेला पैसा घरपोच परत करायचा असतो, असा धडा आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. वेळ होता, आणि रागही होता, कारण पेट्रोल एकशे आठच्या आसपास होतं.

पुढचे पंधरा दिवस मी वाचत बसले. कोलोरॅडोच्या लोकांनी ही घटनादुरुस्ती १९९२ च्या नोव्हेंबरात मतदानाने मंजूर केली. डग्लस ब्रूस नावाचा गृहस्थ तिच्या मागे होता. १९८८ आणि १९९० मध्ये त्याचे प्रस्ताव पडले, तिसऱ्या खेपेला जमलं. हिशेब सोपा आहे: महसूल महागाईच्या आणि लोकसंख्येच्या वाढीएवढाच वाढावा, त्यावरचा परत करावा. नवा कर लावायचा किंवा जुना वाढवायचा तर आधी मतदारांना विचारायचं, आणि मतपत्रिकेवरच्या प्रश्नाची सुरुवातच कर किती डॉलरनी वाढणार या आकड्याने करायची. मला हे फार आवडलं. आपल्याकडे आकडा पुरवणीच्या परिशिष्टाच्या तळटीपेत असतो.

त्याच्याही आधी कॅलिफोर्निया. ६ जून १९७८ रोजी हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांचा तेरावा प्रस्ताव सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर झाला. घरपट्टी मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधली, किमतीची नोंद वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि राज्याला कर वाढवायचा असेल तर विधिमंडळात दोन तृतीयांश मतं हवीत. तिथे दर वाढले म्हणून लोक चिडले होते असं नाही, घरांच्या किमती फुगल्या आणि त्याच दराने बिलं फुगली. ही गोष्ट मी तेव्हा नुसती वाचली. कामाला आली ती पुढे.

आपल्याकडे असं का नाही, असं मी शेजारच्या अण्णांना विचारलं. अण्णा कोषागारातून निवृत्त. माणूस कमी बोलतो आणि बोलला की समोरच्याला गृहपाठ देतो. म्हणाले, "ताई, तुमची एखादी जुनी सॅलरी स्लिप काढा."

काढली. कपातीच्या रकान्यात प्रोफेशनल टॅक्स: २०८ रुपये.

"आता त्याच वर्षाच्या शेवटच्या महिन्याची काढा."

२१२ रुपये.

अकरा महिने २०८ आणि एक महिना २१२. बेरीज बरोबर २,५००. "घटनेचं अनुच्छेद २७६," अण्णा म्हणाले. "एका माणसाकडून वर्षाला यापेक्षा जास्त वृत्तिकर कुठलंच राज्य घेऊ शकत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं कर-मर्यादा खिशात घेऊन फिरलात आणि पोरांना अमेरिकेतली शिकवायला निघालात."

मी अक्षरशः खाली बसले. राजस्व शिकवणाऱ्या बाईने दर महिन्याला तो आकडा बघितला होता आणि हा २०८ असा तिरपा का, एवढा प्रश्नही तिला पडला नव्हता.

त्या आकड्याचा इतिहास आणखी बोलका आहे. घटना लागू झाली तेव्हा ही मर्यादा २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने ती २,५०० केली, आणि तिथून ती हललेलीच नाही. १९८८ मध्ये पुष्कळांचा महिन्याचा पगारही अडीच हजार नव्हता. आज तेवढ्यात चांगल्या हॉटेलात चार जणांचं जेवण होत नाही. रुपयांत बांधलेल्या मर्यादेला महागाई आपोआप घट्ट करत नेते आणि शेवटी तो कर राज्याच्या लेखी किरकोळ होऊन बसतो. मग राज्य दुसरीकडे वळतं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि राज्यांच्या हातात मोठे असे थोडेच उरले: पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, वाहनांचा कर. मध्य प्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, वर लिटरला अडीच रुपये, वर १ टक्का सेस. हा नोव्हेंबर २०२१ मध्ये चार टक्के कमी केल्यानंतरचा दर. टक्क्यातला कर म्हटला की मूळ भाव चढला की राज्याचा वाटाही न विचारता चढतो. म्हणजे रुपयांत बांधावं तर दोर आवळतो, टक्क्यांत बांधावं तर सैल पडतो. ह्याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही, पण तेव्हा मी फार खात्रीने बोलत असे.

पहिली बैठक आमच्याच घरी, सुदामानगरात. आठ जण आले. पोहे झाले, वर जिरावण झालं, जिलबी कुणी आणायची यावर अर्धा तास गेला. मागण्या निघाल्या दहा. राज्याच्या एकूण महसुलाला मर्यादा, खर्चाला मर्यादा, कर्जाला मर्यादा, पेट्रोलवरच्या व्हॅटला मर्यादा, जाहिरातींवरच्या खर्चाला मर्यादा… रामबागेतल्या एका आजोबांनी होळकरांचं काढलं. दौलत वेगळी आणि खासगी वेगळी, अहिल्याबाईंनी घाट आणि देवळं बांधली ती खासगीतून, दौलतीला हात न लावता. "तेवढं एक कलम घाला," म्हणाले. घातलं. अकरा झाल्या.

पत्रक आधी मराठीत लिहिलं, मग आपण इंदुरात आहोत हे आठवलं आणि हिंदीत केलं. शीर्षक होतं 'करों की मर्यादा'. छापखान्यातला मुलगा म्हणाला, "मॅडम, ये तो प्रवचन का पर्चा लग रहा है." बरोबर होतं त्याचं. हिंदीत मर्यादा म्हटलं की रामच आठवतो. 'टैक्स की सीमा तय हो' असं केलं आणि हजार प्रती काढल्या.

सह्यांना गणेशोत्सवात सुरुवात केली. आरती संपली की प्रसादाच्या रांगेच्या शेवटी टेबल लावायचं, ही माझी युक्ती. लोक हातात मोदक असताना नाही म्हणत नाहीत. पण सही करायला हात चिकट असतो, हे लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओला नॅपकिन ठेवला. अनंत चतुर्दशीच्या रात्री, गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला गाव लोटतं तेव्हा, आम्ही दोघी-तिघी वही घेऊन उभ्या राहिलो आणि तासाभरात सात सह्या मिळवून घरी आलो. त्या गर्दीत आणि त्या आवाजात राजकोषीय धोरण समजावून सांगणं हा वेडेपणाच होता.

पेट्रोल पंपावर मात्र बरं चालायचं. रांगेत उभ्या माणसाला समजावावं लागत नाही. "एक लिटरमध्ये राज्याचा किती आणि केंद्राचा किती?" एवढं विचारलं की तोच वही मागायचा. एक दूधवाला म्हणाला, "हम तो टैक्स भरते ही नहीं." मी त्याला त्याच्या मोटारसायकलची टाकी दाखवली. त्याने सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून दूध लिटरला दोन रुपयांनी महाग केलं. आपण इतका कर भरतो हे त्याला माझ्यामुळेच कळलं होतं.

आता एका नर्सबाईंचं सांगते. लोकमान्यनगरात राहतात, सरकारी नोकरीतून निवृत्त. पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, जे फार थोड्यांनी केलं होतं. मग म्हणाल्या, "खर्चाला मर्यादा म्हणजे कुणाच्या खर्चाला? वर्षाच्या अखेरीला पैसे संपले की काय थांबतं ते मी वॉर्डात बघितलंय. कापूस संपतो. उद्घाटनाचा मांडव कधी संपलेला बघितला नाही मी." माझ्याकडे उत्तर होतं, पुस्तकातलं. अग्रक्रम, कार्यक्षमता वगैरे. त्या म्हणाल्या, "मग तसं लिहा ना. मर्यादा घाला असं लिहिलंत की कात्री त्यांच्याच हातात राहते." त्यांनी सही केली नाही. चहा मात्र दिला.

त्या आठवड्यात मी भाचीला विचारलं, तुमच्याकडे काय काय आखडलं गं? ती हसली. तिच्याकडे काही नाही, पण राज्यात अशी कितीतरी गावं आहेत जिथे शाळा आठवड्यातून चारच दिवस भरतात, पैसे वाचवायला. २००५ मध्ये मतदारांनीच ही मर्यादा पाच वर्षांसाठी बाजूला ठेवायला संमती दिली होती, कारण मंदीत महसूल एकदा घसरला की पुढच्या वर्षीची हद्द त्या घसरलेल्या आकड्यावरून मोजायची असा नियम होता. कॅलिफोर्नियातही घरपट्टी बांधल्यावर शाळांचा मोठा भार राज्यावर आला, आणि एकाच गल्लीत जुना मालक आणि नवा मालक यांच्या बिलांत कैक पटींचा फरक पडला. हे सगळं मी आधीही वाचलेलं होतं. पण पंधराशे डॉलरचा चेक डोळ्यांपुढे असला की बाकीचं बारीक अक्षरात दिसतं.

वकिलाकडे जायला आम्ही उशीर केला, हे आमचं चुकलंच. सह्या आठशेच्या वर गेल्यावर अण्णांच्या ओळखीच्या एक वकीलबाई, हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात काम करणाऱ्या, रविवारी सकाळी भेटल्या. मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"ह्याचं करणार काय?"

"विधानसभेत विधेयक आणायचं. एखाद्या आमदाराला तयार करू. शुक्रवारी शेवटचे अडीच तास अशासकीय कामाचे, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारांच्या विधेयकांचे, असतातच."

त्यांनी घटनेची छोटी प्रत काढली आणि अनुच्छेद १९९ वर बोट ठेवलं. कर लावणं, रद्द करणं, माफ करणं, बदलणं किंवा त्याचं विनियमन करणं, हे सगळं धन विधेयकाचे विषय. पुढच्याच उपखंडात राज्याच्या कर्जउभारणीचं विनियमन. मग पानं उलटून अनुच्छेद २०७: ह्या विषयांवरचं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीवाचून मांडताच येत नाही. आणि राज्यपाल शिफारस करणार ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने.

"म्हणजे सरकारच्या हातांना दोरी बांधायचा प्रस्ताव…"

"सरकारला विचारूनच मांडायचा. हो." त्या शांतपणे म्हणाल्या. "कमी करायची किंवा रद्द करायची दुरुस्ती मांडायला शिफारस लागत नाही, पण त्यासाठी आधी कराचं विधेयक सभागृहात आलेलं पाहिजे. आणि ते आणणारं सरकारच."

कोलोरॅडोत ब्रूसने ठरावीक संख्येने सह्या गोळा केल्या की प्रश्न थेट मतपत्रिकेवर. आपल्याकडे नागरिकांच्या सह्यांवर कायदा मतदानाला टाकायची सोयच नाही. माझ्या वहीतल्या आठशे सह्यांना कायद्याने काही वजन नव्हतं. त्या आठशेच्या आठ लाख झाल्या असत्या तरी नव्हतं. मी हे कॉलेजात शिकवलं होतं का? धन विधेयकाची व्याख्या शिकवली होती, पाच गुणांचा प्रश्न. तिचा अर्थ दारावरचं कुलूप असा होतो, हे तिथे लागत नव्हतं.

परत येताना अण्णा गाडी चालवत होते. म्हणाले, "कर्जाला मर्यादा तर आहेच की. तिचं काय झालं ते बघा." ते खरं आहे. अनुच्छेद २९३ म्हणतं, राज्याने कर्ज काढावं ते विधानमंडळाने कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत, 'अशी काही मर्यादा असल्यास'. हे तीन-चार शब्द अण्णांचे आवडते. केंद्राचं तसंच कलम २९२. संसदेने असे कायदे करत राहावं अशी अपेक्षा बाबासाहेबांनी घटना समितीत बोलून दाखवली होती. इथून पाऊण तासावर महूला जन्मलेला माणूस. प्रांतांचं वित्त हाच त्यांच्या डॉक्टरेटचा विषय, आणि कोलंबियाला पाठवलं बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीने. केंद्राचा कायदा व्हायला २००३ उजाडलं. मध्य प्रदेशचा २००५ चा: राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायची तफावत, राज्यातल्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत. मग २०२० ची साथ आली, केंद्राने अटी घालून ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, आणि राज्यांनी आपापले कायदे तसे दुरुस्त केले. पंधराव्या वित्त आयोगाने पुढच्या वर्षांना ४, मग साडेतीन, मग ३ टक्के अशी पायरी घातली, वर वीज-सुधारणांसाठी अर्धा टक्का. साथीत कर्ज काढलं याबद्दल माझी तक्रार नाही, काढायलाच हवं होतं. पण मर्यादा घालणारा आणि उठवणारा हात एकच असला की ती आपल्या घरातल्या उपवासासारखी होते. साबुदाणा चालतो, मग भगर चालते, मग बटाट्याचे वेफर्सही चालतात. काही राज्यं महामंडळांच्या नावावर कर्ज काढून फेडायची मात्र स्वतःच्या तिजोरीतून. २०२२ मध्ये केंद्राने तेही राज्याच्याच मर्यादेत मोजायचं ठरवलं.

ह्या भेटीनंतर आठातले तिघे गळले. कुणी भांडलं नाही. फक्त "या महिन्यात जरा लग्नं आहेत" असं झालं.

वकीलबाईंनी निघताना एक फट दाखवली होती. त्याच अनुच्छेद १९९ मध्ये पुढे लिहिलंय की स्थानिक संस्थेने स्थानिक कामासाठी लावलेल्या कराबद्दलचं विधेयक तेवढ्यामुळे धन विधेयक ठरत नाही. म्हणजे राज्याच्या तिजोरीचं कुलूप उघडत नसलं तरी महापालिकेच्या संपत्तिकराबद्दल एखादा आमदार शिफारशीवाचून बोलू शकतो. मोठी मागणी सोडून ह्या गल्लीतल्या मागणीवर यायचं का, यावर आमचे दोन महिने गेले. रामबागेचे आजोबा चिडले. "पेट्रोलवरून निघालात आणि घरपट्टीवर आलात!" मला ते लागलं, कारण खरं होतं. अण्णांचं म्हणणं, दहा दारं ठोठावून एकही उघडत नाही, त्यापेक्षा उघडं असलेलं एक बरं. शेवटी मतदान घेतलं: तीन विरुद्ध दोन. अकरा मागण्यांची एक झाली.

आणि इथे कॅलिफोर्निया कामाला आला. संपत्तिकराच्या टक्केवारीला आपल्या १९५६ च्या महापालिका कायद्यात मर्यादा आहेच. पण टक्केवारी ज्यावर लागते ते वार्षिक भाडेमूल्य, म्हणजे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल त्याचा अंदाज, परिक्षेत्राप्रमाणे (झोनप्रमाणे), चौरस फुटाच्या दराने ठरतं. टक्का तोच ठेवून दर वाढवला किंवा वस्ती वरच्या परिक्षेत्रात टाकली, की बिल वाढतं आणि "आम्ही कर वाढवला नाही" हेही खरं राहतं. म्हणून मागणी अशी: भाडेमूल्याच्या दरातली वाढ एका वर्षात अमुकपेक्षा जास्त नको, आणि वस्तीचं परिक्षेत्र बदलायचं तर आधी त्या वॉर्डात सुनावणी.

अमुक म्हणजे किती? मी कोलोरॅडोचं सूत्र पुढे केलं, महागाई अधिक लोकसंख्यावाढ. अण्णांनी विचारलं, "लोकसंख्या कुठली धरणार?" शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा इंदूर साडेएकोणीस लाखांच्या पुढे होतं. त्यानंतर बायपासच्या पलीकडे किती कॉलन्या झाल्या ते मोजलेलंच नव्हतं. सूत्रातली अर्धी बाजू कोरी. मग नुसती महागाई धरली. भाचीला सांगितलं तर तिला ते फार विनोदी वाटलं. मला नाही वाटलं.

२०२३ उजाडलं, निवडणुकीचं वर्ष. मार्चअखेरीला लाडली बहना योजनेचे फॉर्म भरणं सुरू झालं. आमच्याकडे बारा वर्षं धुणंभांडी करणाऱ्या ताईचं समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, आधारशी जुळत नव्हतं. तिच्याबरोबर मी तीन खेपा केल्या. जूनमध्ये पहिले हजार रुपये आले आणि पुढे त्याचे साडेबाराशे झाले. पैसे तिच्या खात्यात, नवऱ्याच्या नाही. पहिल्या हप्त्यातून तिने मुलीची शाळेची बॅग घेतली आणि मला दाखवायला आणली.

गणपतीच्या वेळी वहीत तिचीही सही मी घेतली होती. एक दिवस पोळ्या लाटताना मला म्हणाली, "काकू, वो कागद पे जो मेरा नाम लिखवाया था, वो सरकार का खर्चा कम करने का था ना?"

"हां."

"तो वो वापस हो सकता है क्या?"

मी तिला सांगितलं, ते पत्रक आता बदललंय, खर्चाची मागणी उरलेलीच नाही, आता फक्त घरपट्टी आहे. आणि तसंही ते कुणी वाचणार नाही. ती ऐकून घेत होती, पण तिचा हात थांबला होता. मी पोळपाट बाजूला सारला, वही आणली, पान शोधलं आणि तिच्या नावावर पट्टीने रेघ मारली. तिने ती रेघ नीट बघून घेतली आणि लाटणं परत उचललं.

त्या पावसाळ्यात मी मोहिमेचं काहीच केलं नाही. नोव्हेंबरात, आमच्या १७ तारखेच्या मतदानाच्या दहा दिवस आधी, कोलोरॅडोतही एक प्रश्न मतदानाला होता: घरपट्टीतली वाढ थोडी कमी करतो, पण त्या बदल्यात मर्यादेवरचा पैसा सरकारला ठेवू द्या. लोकांनी नाही म्हटलं. भाचीने घरी आलेल्या मतदार पुस्तिकेचे फोटो पाठवले, प्रत्येक प्रस्तावाची बाजू, विरुद्ध बाजू, खर्चाचा अंदाज. इकडे आमच्या गल्लीत भोंग्याच्या एकाच गाडीवरून कर कमी करण्याचं आणि नव्या योजनांचं आश्वासन एकाच दमात चाललं होतं. नर्सबाई गच्चीत उभ्या होत्या. मला बघून हसल्या.

याचिका द्यायचं आम्ही निवडणुकीनंतर ठरवलं. विधेयक मांडायला कुणी आमदार तयार झाला नाही. एकाने कारणही प्रामाणिकपणे सांगितलं: घरपट्टी थांबवली तर माझ्या वॉर्डातली गटारं कोण करणार? एकाने याचिकेवर सही करून ती सादर करायचं कबूल केलं. त्याच्या कार्यालयातल्या मुलाने आमचा चार पानी मसुदा बघितला आणि म्हणाला, सोबतच्या बाकीच्या याचिका रस्ता, पुलिया, हँडपंप अशा एकेका ओळीच्या आहेत. तुमचीही तशी करा. आम्ही केली. दीड वर्षाचं काम दोन ओळींत मावलं, सोबत सह्यांची पानं. नुसत्या खर्चाच्या मागणीवर ज्यांनी सही केली होती त्यांना परत विचारायला हवं, असा हट्ट मी धरला. अण्णा आणि मी घरोघर फिरलो. काही सह्या गेल्या, काही नव्या आल्या. एकूण १,१४२.

३ जुलै २०२४ ला राज्याचा अर्थसंकल्प आला, ३.६५ लाख कोटींचा. मी आणि अण्णांनी तो आमच्याकडे टीव्हीवर बघितला. मागच्या वर्षीचा ३.१४ होता. अण्णांनी नेहमीप्रमाणे पाकिटाच्या पाठीवर वाढीचा टक्का काढला, सोळाच्या वर, आणि माझ्याकडे सरकवला. त्यांनी आता नवीन छंद लावून घेतलाय. राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक मंगळवारी करते. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन येतो, आज मध्य प्रदेशने किती उचलले आणि किती वर्षांसाठी. मी कॅलेंडरच्या चौकोनात लिहून ठेवते, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली.

याचिकेचं उत्तर पावसाळा संपता संपता आलं. संबंधित विभागाने कळवलं होतं की कराचे दर प्रचलित अधिनियम व नियमांनुसार ठरवले जातात. मी ते पत्र सॅलरी स्लिपांच्याच फोल्डरमध्ये ठेवलं. अण्णा म्हणाले, वॉर्डातल्या सुनावणीच्या मागणीवर त्यांनी काहीच म्हटलेलं नाही, तेवढ्याबद्दल परत लिहायला हवं. मी म्हटलं, लिहू. नर्सबाईंना विचारून मसुदा करू.